फायरमन व्हायचंय? फी भरण्याआधी हे तपासा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी जाहिरात येते, ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, नोकरीची हमी’. वडील कर्ज काढून फी भरतात, आणि अर्ज भरताना कळतं की हे प्रमाणपत्र इथे चालतच नाही. असं होऊ नये म्हणून आजचा भाग.

पहिली गोष्ट, फायर आणि सेफ्टी ही दोन वेगळी कामं आहेत. फायरमन आग लागल्यावर आत शिरतो. सेफ्टी ऑफिसर कारखान्यात किंवा रस्त्याच्या कामावर अपघात होऊच नये हे बघतो. कारखान्यातल्या त्या पदासाठी साधारणपणे विज्ञान किंवा इंजिनिअरिंगचं शिक्षण आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो. नुसत्या सहा महिन्यांच्या कोर्सवर ते पद मिळत नाही.

दुसरी गोष्ट, अग्निशमन दल हे राज्याचं किंवा पालिकेचं असतं. म्हणून इंदूर, बडोदा, हैदराबाद, सगळीकडे एकच नियम नाही. महाराष्ट्रात बऱ्याच पालिका राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम मागतात.

तिसरी वाट केंद्राची. सीआयएसएफमध्ये फायर कॉन्स्टेबलसाठी विज्ञान घेऊन बारावी आणि शारीरिक चाचणी लागते. इथे आधी निवड होते आणि मग प्रशिक्षण, तेही पगारावर. आधी कोणताही कोर्स करावा लागत नाही.

अधिकारी व्हायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ साली रामपूरला सुरू झालं आणि पुढे नागपूरला आलं. हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये इथेच प्रवेश घेतला, या महाविद्यालयातल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी.

मग करायचं काय? जिथे नोकरी हवी, तिथल्या मागच्या भरतीची जाहिरात काढा. त्यातली शैक्षणिक अर्हता, उंची, वय शब्दन् शब्द वाचा. संस्थेत जाऊन मैदान, शिडी, होज पाइप, श्वसन उपकरणं डोळ्यांनी बघा. फक्त वर्गखोल्या दिसल्या तर परत फिरा.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवर कापूस आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. आधी सुरक्षेत चूक झाली, मग आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. हे शिक्षण कागदापुरतं का चालत नाही, ते यातून कळतं.