धुराडी आणि दमा



दमा हा जन्माचा सोबती, असं आपल्याकडं म्हणतात. ज्याला जडला, त्याचं नशीब! पण एकाच वस्तीत घरोघर दमेकरी दिसू लागले, तर? तिथंही नशिबालाच बोल लावायचा का? जपानातल्या योक्काइची शहराची हकीगत या बाबतीत ऐकण्यासारखी आहे.

योक्काइची हे समुद्रकाठचं बंदर. १९५९ च्या सुमारास तिथं खनिज तेल शुद्ध करण्याचे आणि त्यापासून रसायनं बनवण्याचे मोठमोठे कारखाने सुरू झाले. शेजारीच इसोझू ही कोळ्यांची वस्ती. थोड्याच वर्षांत तिथली माणसं, विशेषतः म्हातारी आणि लहान मुलं, खोकल्यानं आणि धापेनं हैराण झाली.

याचं कारण धुरात होतं. त्या तेलात गंधक फार. गंधक जळालं, की सल्फर डायऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. आगपेटीची काडी ओढताच नाकाला जो झणका बसतो ना, तो याचाच. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आतून सुजलेल्या आणि हळव्या असतात. हा वायू लागला, की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत कफ साचतो आणि वाट अरुंद होते. निरोगी माणसाला जिथं नुसता ठसका लागतो, तिथं दमेकरी कासावीस होतो.

यावर कारखान्यांनी धुराडी उंच केली. पण त्यानं धूर नाहीसा झाला नाही, तो लांबवर पसरला, इतकंच! अखेर १९६७ साली इसोझूच्या नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांवर दावा लावला. कुणाच्या धुरानं कोण आजारी पडलं, हे वेगळं कसं सांगणार? २४ जुलै १९७२ रोजी न्यायालयानं सहाही कंपन्यांना मिळून जबाबदार धरलं. पुढं धुरातलं गंधक काढण्याची यंत्रं बसली, इंधन बदललं आणि हवा निवळत गेली.

आता आपल्याकडं पाहू. चंद्रपूरच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, कोळशावरचं वीजघर आहे, सिमेंटचे कारखाने आहेत. तिथं वायूच्या जोडीला बारीक धूळही असते. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकते आणि धूर वर जात नाही. अशा वेळी दमेकऱ्यानं फिरायला न जाता ऊन चढू द्यावं. तोंडाला फडकं बांधलं, तरी वायू अडत नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नये. घरात चुलीचा धूर कोंडू देऊ नये.

आणि गुरुजी, कवायतीत एखादं पोर धापा टाकू लागलं, तर ते आळशी आहे असं समजू नका. त्याला ताठ बसवा, त्याचा पंप द्या. ओठ निळे पडले किंवा बोलवेनासं झालं, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. कुठल्या दिवशी किती मुलांना धाप लागली, याची वहीत नोंदही ठेवा. एकट्याचा आजार नशीब वाटतो. शंभर नोंदी एकत्र आल्या, म्हणजे त्याचं कारण दिसू लागतं.