विसरलेल्या तबकड्यांमधला आवाज

१९७७ साली जर्मनीतील म्युनिक शहरात जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डॉना समर या गायिकेसाठी 'आय फील लव्ह' हे गाणे तयार केले. त्यातले जवळजवळ सगळे वाद्यसंगीत मूग सिंथेसायझरवर निर्माण केलेले होते. गाणे जगभर गाजले. पुढच्या काही वर्षांत, विशेषतः इटलीत, अनेक लहान कंपन्यांनी अशाच यांत्रिक ठेक्याच्या नाचगाण्यांच्या तबकड्या काढल्या. या प्रकाराला 'इटालो डिस्को' असे नाव पडले. काही तबकड्या खपल्या, पुष्कळशा विस्मृतीत गेल्या. १९९९ मध्ये हेगच्या आय-एफ या डीजेने जुन्या गाण्यांचा एक संग्रह काढला, तेव्हा त्यांच्याकडे पुन्हा लक्ष गेले आणि संग्राहक जुन्या बाजारांतून हिंडू लागले. अशाच एका डच संग्राहकाला भारतात मुंबईच्या चरणजित सिंग यांची १९८२ सालची, रागांना डिस्कोचा ठेका दिलेली तबकडी सापडली. ती २०१० मध्ये पुन्हा निघाली.

यांतली बरीचशी गाणी आम्हाला सामान्यच वाटतात. पण त्यांच्या पुनर्शोधात विज्ञानाच्या शिक्षकाने थांबावे असा एक प्रश्न आहे. कंपनी बुडाली, मूळ फीत खराब झाली, तर चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज परत मिळतो कोठून?

मूळ ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर होत असे. फितीवरचे चुंबकीय कण एका बहुवारिकाच्या थराने धरून ठेवलेले असतात. १९७० आणि १९८० च्या दशकांतील काही फितींमध्ये हा थर हवेतील बाष्प शोषून चिकट होतो व वाजवताना खरवडून निघतो. अशी फीत सुमारे ५० अंश सेल्सिअसला काही तास शेकली, तर काही दिवसांपुरती वाजवता येते; तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. तबकडीचे पीव्हीसी मात्र फारसे बदलत नाही. तिच्यात आवाज असतो तो नुसत्या आकाराच्या रूपात.

हा आकार किती सूक्ष्म असतो? तबकडीचा व्यास ३० सेंमी, गती मिनिटाला ३३ १/३ फेरे. सर्वांत बाहेरच्या खाचेची त्रिज्या १४.६ सेंमी धरली, तर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी खाच सरकते. ६ सेंमी त्रिज्येच्या आतल्या खाचेत फक्त २१ सेंमी. म्हणजे १०,००० हर्ट्झच्या स्वराचे एक आंदोलन बाहेर ०.०५ मिमी जागेत बसते, आत मात्र ते ०.०२ मिमीमध्ये कोंबावे लागते. हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे. बाजूवरचे शेवटचे गाणे किंचित बोथट का वाजते, ते मुलांच्या आपोआप लक्षात येईल.

खर्जाची अडचण निराळी. त्यासाठी खाच बरीच रुंद वळवावी लागते. म्हणून कोरताना खर्ज कमी व वरचे स्वर जास्त ठेवतात आणि वाजवताना प्रवर्धक नेमके उलटे करतो. डिस्कोत तर ठेक्याचा खर्जच मुख्य. म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर एकच गाणे, ऐसपैस खाचांमध्ये, असा प्रकार सुरू झाला. नाचघरांसाठी केलेली ही उधळपट्टी आज कामी येते.

आता बाजारात मिळालेली एक प्रत घेऊ. तिचे भोक केंद्रापासून १ मिमी सरकलेले असेल, तर १० सेंमी त्रिज्येवर गती १ टक्क्याने वर-खाली होते आणि स्वर दर १.८ सेकंदांनी हेलकावतो. गाणाऱ्याच्या कंठात हे खपून जाईल. सिंथेसायझरच्या लांब, स्थिर स्वरात लगेच उघडे पडते. पण त्याच स्थिरपणामुळे हेलकावा मोजता येतो आणि संगणकाने काढूनही टाकता येतो.

ओरखडे अधिक त्रासदायक. संगणकात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की ओरखड्याचा 'टक्' त्यांतल्या थोड्याच नमुन्यांत सापडतो. ते वगळून शेजारच्या नमुन्यांवरून मधली जागा भरतात. पण ड्रम-यंत्राचा ठोकाही असाच अचानक उसळतो, आणि सफाईचा अतिरेक झाला की तोही जातो. सुदैवाने दुसरी प्रत मिळाली, तर दोन्ही ताडून पाहता येतात: ठोका दोन्हींत सापडतो, ओरखडा एकीतच. एकच प्रत हाती असेल, तेव्हा थोडी खरखर राहू द्यावी असे आमचे मत आहे.