शालान्त परीक्षेचे गुण आणि त्यांचे मोल

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळी मिरचीचा तोडा सुरू झाला की बाहेरगावचे व्यापारी येथे येऊन उतरतात. व्यापारी गोणीत कोपरापर्यंत हात घालून तळची मूठभर मिरची वर काढतो, देठ पाहतो, एखादी मोडून पाहतो आणि मगच भाव बोलतो. केवळ वरचा थर पाहून भाव देणारा मनुष्य या धंद्यात फार काळ टिकत नाही.

मिरचीच्या याच हंगामात दहावीचा निकाल लागतो. तीही एक प्रतवारीच होय. फरक इतकाच की, येथे गोणीत हात घालण्याची सोय कोणासही नाही. कनिष्ठ महाविद्यालय, तंत्रनिकेतन, आय.टी.आय. या सर्वांना गुणपत्रकावर छापलेल्या आकड्यावरच विसंबावे लागते. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागल्यावर तर या आकड्याचे वजन आणखी वाढले. पूर्वी गावच्या कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापक मुलाला निदान तोंडओळखीने जाणत होते. आता यंत्र फक्त आकडा जाणते. म्हणून या आकड्यात नेमके काय भरलेले असते, हे तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ 1966 साली अस्तित्वात आले आणि दहावीच्या वर्गाअखेरची शालान्त परीक्षा 1975 पासून सुरू झाली. आजची रचना अशी की, सहा विषयांचे प्रत्येकी 100 गुण असतात व त्यांपैकी उत्तम पाच विषयांची टक्केवारी धरली जाते. प्रत्येक विषयातील 80 गुण लेखी परीक्षेचे, तर 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक अथवा अंतर्गत मूल्यमापनाचे. लेखी उत्तरपत्रिका अनोळखी परीक्षक तपासतो, त्यावर नियामक व मुख्य नियामक यांची नजर फिरते. उरलेले 20 गुण मात्र विद्यार्थ्याची स्वतःची शाळाच देते. दोहोंची बेरीज पस्तीस झाली की विषय सुटला.

आता थोडे गणित करू. अंतर्गत वीसपैकी वीस मिळाले, तर लेखी ऐंशीपैकी पंधरा गुण पुरेसे होतात. म्हणजे शेकडा एकोणीसही नव्हे. कागदोपत्री पस्तीस टक्क्यांचा म्हणून मिरविला जाणारा उंबरठा प्रत्यक्षात असा खाली उतरलेला आहे. वरच्या टोकाला याच्या उलट प्रकार घडतो. लेखीत 60 मिळविणारा आणि 72 मिळविणारा या दोघांत शेकडा पंधराचे अंतर असते; दोघांच्याही झोळीत वीस-वीस टाकताच ते बारावर येते. सर्वांना सारखेच मिळणारे गुण कोणाविषयी काहीच सांगत नाहीत.

तथापि, सर्व शाळा सारखेच गुण देत असत्या तर निदान अन्याय तरी झाला नसता. माझ्या परिचयाचे एक भाषाशिक्षक आहेत. त्यांची शाळा कोणती हे येथे सांगण्याचे कारण नाही. त्यांनी एके वर्षी तोंडी परीक्षा खरोखरच घेतली. मुलांना उतारा वाचावयास दिला, प्रश्न विचारले, आणि कोणाला तेरा, कोणाला सोळा, एका मुलीला एकोणीस असे गुण दिले. शेजारच्या गावात त्याच सुमारास सगळ्या वर्गाच्या नावापुढे वीसचा आकडा पडला होता. निकालानंतर एक मुलगा हव्या त्या तंत्रनिकेतनाच्या शाखेला थोडक्यात मुकला. त्याचे वडील शिक्षकांकडे आले. भांडले नाहीत, ओट्यावर नुसते बसून राहिले. पुढच्या वर्षीपासून हे शिक्षकही सर्वांना वीस देऊ लागले. त्यांना दोष देणे मला जमलेले नाही.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला, त्यात हेच दाखविले आहे. मालाची खरी प्रत ग्राहकास कळण्याचा मार्ग नसेल, तर चांगला माल विकणाऱ्यास त्याचे मोल मिळत नाही आणि तो हळूहळू बाजारातून उठून जातो. पुढे 2001 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आमचे शिक्षक बाजारातून उठले नाहीत, त्यांची तोंडी परीक्षा मात्र उठली.

यावर उपाय म्हणून अंतर्गत गुणच काढून टाकावेत, असे कोणी म्हणेल. तो प्रयोग करून झाला आहे. मार्च 2019 च्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण रद्द होते. राज्याचा निकाल 2018 मधील 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सगळी घसरण या एकाच कारणास चिकटविणे बरोबर नाही; परंतु मोठा वाटा त्याचाच असावा, असे मानण्यास जागा आहे. लगेच ओरड झाली की, अन्य मंडळांच्या मुलांना शाळेचे गुण मिळतात आणि अकरावीच्या प्रवेशात आपलीच मुले मागे पडतात. ही तक्रार खोटी नव्हती. वीस गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. एका वर्षात राज्यातील मुलांची बुद्धी अठरा टक्क्यांनी वाढली, असे त्या वेळी कोणीच म्हटले नाही हे खरे; पण पेढे मात्र सर्वत्र वाटले गेले.

त्यानंतर 2021 मध्ये महामारीमुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे व दहावीचे शाळेकडील गुण एकत्र करून लावलेला निकाल 99.95 टक्के निघाला. अकरावीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा घेण्याचा शासनाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविला. अलीकडच्या 2025 च्या निकालात शंभर टक्के गुण मिळविणारे 211 विद्यार्थी होते आणि त्यांतील 113 एकट्या लातूर विभागातील. या मुलांचे कष्ट मी नाकारीत नाही. कला-क्रीडेचे वाढीव गुण आणि उत्तम पाच विषयांचा नियम यांचा हातभार त्यात आहे, एवढेच ध्यानात ठेवावे.

मग करावे काय? शाळेने केलेले मूल्यमापन मला हवे आहे. उभे राहून नीट बोलता येणे, प्रयोग मांडता येणे या गोष्टी तीन तासांच्या कागदावर उतरत नाहीत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात शाळेने दिलेले गुण तसेच्या तसे स्वीकारीत नाहीत. त्या शाळेतील त्याच मुलांनी त्याच वर्षीच्या सामाईक परीक्षेत जशी कामगिरी केली असेल, त्या पातळीवर शाळेचे गुण आणून बसवितात. मुलांचा आपापसांतील क्रम मात्र शाळेने लावलेलाच राहतो. अशा व्यवस्थेत सरसकट वीस वाटण्यात शाळेचा काहीच लाभ उरत नाही. सरसकट तेरा दिल्याने तोटाही होत नाही.

येथे ‘त्याच मुलांनी, त्याच वर्षी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इंग्लंडमध्ये 2020 साली परीक्षा रद्द झाल्यावर शाळांच्या मागील वर्षांच्या निकालांवरून विद्यार्थ्यांच्या श्रेणी ठरविण्याचे सूत्र लावण्यात आले. शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी सुमारे 39 टक्के खाली आल्या. सामान्य शाळांतील हुशार मुले आपापल्या शाळेच्या इतिहासाखाली दडपली गेली आणि अखेर ऑगस्टमध्ये ते सूत्र मागे घ्यावे लागले. असे सूत्र आपल्याकडे आले, तर मिरचीच्या तोड्याला जाऊन अभ्यास करणाऱ्या पिंपळगावच्या मुलीला तिच्या आधीच्या दहा तुकड्यांचे अपयश भोगावे लागेल. ते कदापि होता कामा नये.

अर्थात, सामाईक लेखी परीक्षेस आधार मानावयाचे तर ती निर्मळ असली पाहिजे. ज्या केंद्रावर खिडकीतून चिठ्ठ्या जातात, तेथील लेखी गुणांचा आधार घेऊन काहीच सावरता येणार नाही. आमच्या मराठवाड्यास हे सांगावे लागते, याची मला लाज वाटते. शिवाय वर्गात पंधराच मुले असतील, तर सरासरीचे गणित डळमळते. अशा छोट्या शाळांसाठी दोन-तीन शाळांचा गट करावा लागेल. ही कामे वेळ खाणारी आहेत.

एक गोष्ट मात्र येत्या परीक्षेपासूनच करता येईल. गुणपत्रकावर आज प्रत्येक विषयापुढे शंभरपैकी एकच आकडा असतो. तेथे लेखीचे गुण निराळे आणि शाळेचे गुण निराळे छापावेत. मंडळाजवळ दोन्ही आकडे असतातच.

गेल्या वर्षी अकरावीत आलेल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, मला गणितात एकोणसत्तर आहेत. पण पेपरात खरे किती पडले?” शास्त्र शाखा घ्यावी की नाही, हे तिला ठरवावयाचे होते. तिने विचारले ते अगदी योग्य होते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत शुल्क भरून मागविता येते, असे मी सांगितले. तिने शुल्क किती ते विचारले, आणि अर्जाची मुदत संपून गेल्याचे आम्हा दोघांच्याही लक्षात आले.