एका एकराचे पाणी आणि लातूरची आगगाडी



लागणीच्या वेळी आपण बेणे निवडतो, खताची जुळणी करतो, ऊसतोडीची काळजी आधीपासून करतो. पाण्याचा विषय निघाला की मात्र "विहिरीला हाय की पाणी" एवढ्यावर बोलणे संपते. किती आहे आणि कुठवर पुरेल, हे कोणी मोजत नाही. या अंकात तो हिशेब आपण मांडू. तो सास्तूर-माकणी भागातल्या उसाचा आहे, तसाच आपल्या शेजारच्या वाढत्या शहरांचाही आहे.

मिरजेहून आलेले पाणी

लातूर हे आपले बाजाराचे, दवाखान्याचे आणि पोरांच्या शिक्षणाचे गाव. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजारांवर होती. शहराची तहान भागते ती केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणावर. धरण पूर्ण भरले तर त्यात सुमारे 224 दशलक्ष घनमीटर पाणी मावते. पण 2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन पावसाळे हुकले आणि धरण कोरडे पडले. नळाला पाणी येईना. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. अखेर एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणले. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, त्यांत 5 लाख लिटर पाणी होते. पुढे 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला 25 लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभरावर खेपा झाल्या आणि एकंदर सुमारे 26 कोटी लिटर पाणी आले.

आता आपला एकर मोजू

पाटाने पाणी दिले तर सुरू उसाला सुमारे 250 सेंटिमीटर पाणी लागते. आडसालीला त्याहून जास्त. एका एकरात एक इंच पाणी उभे केले तर ते साधारण 1 लाख लिटर भरते. 250 सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ 100 इंच. म्हणजे एका एकराला 1 कोटी लिटर!

मोठ्या आगगाडीच्या 4 खेपा म्हणजे आपला 1 एकर ऊस. आणि साऱ्या देशाने जिची बातमी वाचली, त्या आगगाडीने चार महिन्यांत आणलेले सगळे पाणी म्हणजे 26 एकर ऊस. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर धरले, तर एका एकराचे पाणी 200 माणसांना वर्षभर पुरते.

यावर कोणी म्हणेल, "मग काय, लातूरची तहान आमच्या उसानेच लागली?" तसे नाही. पाऊस पडला नाही, हे मूळ कारण. शिवाय उसाच्या गरजेतला काही वाटा पाऊसच भागवतो. परंतु पाऊस दगा देतो त्या साली सगळा भार विहिरीवर, बोअरवर आणि धरणावर येतो, हेही तितकेच खरे.

याचे आपल्याला काय?

आपले पाणी तेरणेचे, लातूरचे मांजरेचे, असे म्हणून सुटका नाही. आपल्या माकणीच्या निम्न तेरणा धरणावर किल्लारी भागातली खेडी, औसा आणि उमरगा यांचेही पिण्याचे पाणी अवलंबून आहे. ही गावे वाढणारच, आणि वाढावीत. आपलीच पोरे तिथे राहायला जातात. राज्याच्या जलनीतीत पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा आहे, शेतीचा त्यानंतर. धरणात पाणी कमी पडले की पुढच्या पावसाळ्यापर्यंतचे पिण्याचे पाणी आधी राखून ठेवतात आणि पाळी बंद होते. म्हणजे टंचाईत पहिल्यांदा वाळतो तो आपला ऊस. त्याच्या पाठोपाठ सोसायटीचे कर्ज थकते आणि गाळपाला ऊस कमी पडतो.

म्हणून पाणी वाचवणे हा शहरावर केलेला उपकार नाही. आपलाच ऊस वाचवण्याचा तो मार्ग आहे.

काय करावे?

1. चैत्रातले पाणी पाहून लागण करा. कार्तिकात विहीर तुडुंब असते, तेव्हा मन मोठे होते. पंप सलग किती तास चालतो आणि उपसलेली विहीर किती वेळाने भरते, हे कार्तिकात व चैत्रात वहीत लिहून ठेवा. चैत्रातल्या तासांवर जेवढा ऊस निघेल तेवढाच लावा.

2. ठिबक बसवा. ठिबकने 40 ते 50 टक्के पाणी वाचते. एकरी 40 इंच वाचले, तर हरभऱ्याला 10 इंच धरून 4 एकर हरभरा भिजतो. मात्र ठिबक आले म्हणून उसाचे क्षेत्र दुप्पट केले, तर वाचले काय? शून्य.

3. पाचट जाळू नका. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. खोडव्यात ते सरीत पसरले की ओल टिकते, तण दबते, जमिनीलाही खत मिळते.

4. पाण्याचा ताण पडल्यावर एक आड एक सरी भिजवा. खालची वाळकी पाने काढून सरीत टाका. 2 टक्के युरिया व 2 टक्के पोटॅश पाण्यात मिसळून तीन आठवड्यांच्या अंतराने फवारा. को 86032 आणि फुले 265 या जाती ताण बऱ्यापैकी सोसतात.

5. गावाचा हिशेब गावाने करावा. नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार पाऊस मोजून त्याप्रमाणे पिके ठरवते. ऊस आणि शेतीसाठी बोअर यांवर त्या गावाने स्वतःच बंदी घातली. आपण ऊसवाले. तेवढे जमणार नाही, पण मोजायला काय हरकत आहे?

कारखाना आणि शहर

शेतकऱ्याला शहाणपण सांगून इतरांनी मोकळे व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. उसात वजनाच्या सुमारे 70 टक्के पाणीच असते. एक टन ऊस गाळला की त्यातून जवळजवळ 700 लिटर पाणी सुटते. ते निववून, शुद्ध करून पुन्हा वापरले तर कारखान्याला बाहेरून फार थोडे पाणी घ्यावे लागते. हा हिशेब वार्षिक सभेत विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे.

शहरांनीही फुटक्या नळवाहिन्या दुरुस्त कराव्यात, पाणी मोजून द्यावे आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरावे. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, तेवढे चांगले पाणी शिल्लक राहते. हे आपल्याकडेही होऊ शकते.

2016 च्या पावसाळ्यात मांजरा भरले आणि सगळ्यांना हायसे वाटले. पण दुष्काळ फिरून येतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. सभासदांनी यंदा लागणीची नोंद करायला गट कार्यालयात येताना विहिरीच्या पाण्याची वही बरोबर आणावी. किती एकर लावायचे, हे त्या वहीवरून ठरवू.