दवाखाना सर्वांना फुकट असावा काय?

घरात दुखणे आले की पैसा लागतो. हे तुम्हांला कुणी सांगायला नको. शेळी विकावी लागते. कानातले गहाण पडते. कधी जमिनीचा तुकडाही जातो. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, ‘सरकारने सर्वांना औषधपाणी फुकट द्यावे.’ दुसरे म्हणतात, ‘फुकट कशाला? फुकटची कदर राहत नाही. आणि एवढा पैसा सरकार आणणार कुठून?’

दोघांचेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे. पण नुसता वाद घालून निकाल लागत नाही. त्यापेक्षा एका रोगाची हकिगत पाहू. आपल्या देशात या रोगावर दोन तऱ्हांनी फुकट उपचार झाला. त्यातली पहिली तऱ्हा मुंबईत माटुंग्याला झाली.

मुंबईत दादरच्या पुढे माटुंगा लागतो. आज तेथे इमारती आहेत, बागा आहेत, कॉलेजे आहेत. पण १८९० साली तेथे वस्ती तुरळक होती. शहर दक्षिणेकडे होते. त्या शहराच्या रस्त्यांवर कुष्ठरोगी भीक मागत बसत. तेव्हा या रोगाला महारोग म्हणत. (आता तो शब्द वापरू नये. कुष्ठरोग म्हणावे.) लोकांना त्यांची भीती वाटे. ओरड झाली. तेव्हा ॲकवर्थ नावाचे इंग्रज साहेब मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांनी पैसा उभा केला आणि शहराबाहेर, माटुंग्याला, बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. साल १८९०. हे साहेब मोठे हौशी. त्यांनी शाळिग्राम यांच्या जोडीने आपले मराठी पोवाडे गोळा केले आणि १८९१ साली ते छापून काढले. असो.

आश्रमात रोग्याला राहायला जागा मिळे. अन्न मिळे. औषध मिळे. सारे फुकट. मग चांगलेच झाले की, असे तुम्ही म्हणाल. काही अंशी चांगले झालेच. रस्त्यावर कुजत पडण्यापेक्षा ते बरे. पण हा आश्रम मुळात कशासाठी होता, ते पाहा. तो रोग्याच्या सोयीपेक्षा शहराच्या सोयीसाठी अधिक होता. रोगी डोळ्यांआड गेला, म्हणजे शहर निर्धास्त.

पुढे १८९८ साली हिंदुस्थानात कुष्ठरोग्यांचा कायदा झाला. तो मुख्यतः गरीब रोग्यांना लागू होता. ज्याला पोटापाण्याचे साधन नाही, अशा रोग्याला पोलीस धरू शकत आणि आश्रमात पाठवता येई. पैसेवाला रोगी आपल्या घरात राही. रोग एकच, पण कोंडायचे ते गरिबाला. मग काय होई? ज्याच्या अंगावर पहिला चट्टा उठे, तो चट्टा लपवी. बायको नवऱ्यापासून लपवी. सून सासूपासून लपवी. रोग लपला म्हणजे वाढतो. बोटे झडली, नाक बसले, म्हणजे मग तो लपत नाही. पण तेव्हा फार उशीर झालेला असे.

त्या काळी औषधही धड नव्हते. कडू कवठाच्या बियांचे तेल देत. त्याने खात्रीने रोग जात नसे. ते कुणाचा दोष नाही.

आता दुसरी तऱ्हा पाहू. कुष्ठरोग हा जंतूंमुळे होतो. शापाने नाही, पापाने नाही. नॉर्वे देशातील हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली हे जंतू पाहिले. पुढे शंभर वर्षांनी त्यावर पक्की औषधे मिळाली. एकच औषध दिले तर काही जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून दोन-तीन औषधे मिळून द्यायची, असे ठरले. भारत सरकारने १८८३ नव्हे, तर १९८३ सालापासून ही औषधे द्यायला सुरुवात केली. मध्ये शंभर वर्षे गेली, हे ध्यानात यावे म्हणून दोन्ही साले लिहिली.

या वेळी तऱ्हा निराळी होती. रोग्याला दूर नेऊन ठेवायचे नाही. औषध त्याच्या गावाजवळ न्यायचे. त्याने घरी राहायचे, शेतावर जायचे, पोरे सांभाळायची आणि गोळ्या घ्यायच्या. रोग थोडा असेल तर सहा महिने, जास्त असेल तर बारा महिने. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचे थांबते. आणि मुख्य गोष्ट अशी की औषधाला पैसा नाही. गरिबीचा दाखला नाही. जमीनदार असो की मजूर असो, पुडा तोच आणि फुकटच.

परिणाम काय झाला? १९८३ साली देशात दर दहा हजार माणसांमागे ५७ हून अधिक कुष्ठरोगी होते. २००५ साल संपता संपता हे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी झाले. रोग समूळ गेलेला नाही. आजही नवे रोगी सापडतात, महाराष्ट्रातही सापडतात. पण केवढा फरक पडला!

मधल्या काळात भल्या माणसांनीही पुष्कळ केले. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम उभे केले. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले. त्यांनी रोग्याला माणूस म्हणून उभे केले. पण दयाळू माणूस प्रत्येक तालुक्याला कुठून मिळणार? प्रत्येक गावात दर महिन्याला गोळ्यांचा पुडा पोचवायचा, हे काम सरकारच करू शकते.

म्हणजे ‘फुकट’ हा एकच शब्द. पण माटुंग्याचे फुकट आणि १९८३ चे फुकट यांत फरक आहे. पहिले होते गरिबासाठी, दूर नेऊन, भीतीपोटी. दुसरे होते सर्वांसाठी, घराजवळ, न लाजता घेता येईल असे. माझ्या मते सरकारने द्यायचे ते हे दुसरे फुकट.

आता कुणी विचारील, ‘कुष्ठरोग लागट आहे. तो फुकट बरा करावा, हे पटले. पण कुणाची तंगडी मोडली तर गावाने का पैसे भरावे?’

प्रश्न बरोबर आहे. लागट रोगाचे सर्वांना लवकर पटते. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. हजारो माणसे मेली, शहर ओस पडू लागले. रोग चाळीतून निघून बंगल्यातही जातो, हे तेव्हा कळले. मग १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था निघाली. दाट वस्तीतली माणसे मोकळ्या जागी जावी म्हणून तिने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते आखले, बागा राखल्या. आजचा माटुंगा असा उभा राहिला आहे. भीतीने का होईना, पण आरोग्यासाठी सर्वांचा पैसा खर्च झाला.

मोडलेली तंगडी लागट नसते, हे खरे. पण धरून चाला की ती एका मजुराची आहे. त्याने वेळेवर उपचार केला नाही. हाड वाकडे बसले. तो जन्माचा अधू झाला. त्याची मजुरी गेली. पोराची शाळा सुटली. सावकाराचे देणे डोक्यावर बसले. एक पाय मोडला आणि घर मोडले. दुखणे लागत नाही, पण त्यापायी येणारे दारिद्र्य पुढच्या पिढीला लागते. म्हणून आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात लोकांचे आरोग्य सुधारणे हे सरकारचे कर्तव्य म्हटले आहे. स्वातंत्र्याच्या आधीच, १९४६ साली, भोर समितीनेही हेच सांगितले होते. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, असे तिचे म्हणणे होते. विलायतेत ५ जुलै १९४८ पासून अशी सोय सर्वांना झाली.

पैशाचे काय? खरे म्हणजे फुकट असे काही नसते. डॉक्टरला पगार लागतो. गोळीला कारखाना लागतो. तो पैसा कराचा, म्हणजे तुमचा-आमचाच. साबणाची वडी घेतली तरी तिच्यात कर असतो. भूमिहीन मजूरही कर भरतो, फक्त त्याला पावती मिळत नाही. तेव्हा ‘फुकट’चा अर्थ एवढाच की दुखणे येण्याआधी सर्वांनी मिळून थोडे थोडे भरायचे, आणि दुखणे येईल त्या दिवशी दारात कुणी पैसा मागायचा नाही.

नाहीतरी पैसा आपण भरतोच आहोत. २०१३-१४ साली देशात आरोग्यावर जे शंभर रुपये खर्च होत, त्यातले ६४ रुपये लोक आपल्या खिशातून देत. २०२१-२२ साली हा आकडा ३९ वर आला. सरकारचा वाटा वाढला, म्हणून तो उतरला. पण ३९ रुपयेही थोडे नव्हेत. ते आजारी माणूसच देतो, आणि आजारपणात त्याची मजुरी बुडालेली असते.

‘मग गरिबांनाच फुकट द्या, श्रीमंताला कशाला?’ असे शहाणी माणसेही म्हणतात. ऐकायला ते न्यायाचे वाटते. पण गरीब कोण, हे ठरवायचे म्हणजे दाखला आला. दाखला म्हणजे तलाठी आला, तहसील आली, दोन दिवसांची मजुरी गेली. मोठ्या धर्मादाय इस्पितळांचेच पाहा. शंभरातल्या दहा खाटा निर्धनांना फुकट आणि दहा खाटा दुर्बलांना सवलतीत द्याव्या, अशी योजना मुंबईच्या हायकोर्टाने २००६ साली लावून दिली आहे. ही सोय चांगली आहे, जरूर मागा. पण ती मागायला उत्पन्नाचा कागद लागतो. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर कागद कुठून आणणार? आणखी एक गोष्ट. जो दवाखाना फक्त गरिबांचा, तो लवकर गरीब होतो. तेथे सरपंचाची आई रांगेत उभी असली, म्हणजे डॉक्टर वेळेवर येतो.

आता आपल्या राज्यात काय आहे, ते सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, ही सारी त्यात आली. केसपेपरलाही पैसे नाहीत. महापालिकांची इस्पितळे आणि सरकारी मेडिकल कॉलेजांची इस्पितळे मात्र त्या निर्णयात आली नाहीत. शिवाय मोठ्या दुखण्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात ठरलेल्या आजारांवर ठरलेल्या इस्पितळांत उपचार होतो.

पण कागदावर फुकट झाले म्हणजे झाले, असे नाही. केसपेपर फुकट, आणि ‘गोळ्या बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात! पुष्कळ गावांत ही तक्रार ऐकू येते. कुठे इमारत आहे, डॉक्टरची जागा रिकामी आहे. मग माणूस उठतो आणि मुंबईची वाट धरतो. परळला मोठ्या इस्पितळांच्या बाहेर पदपथावर गावोगावचे लोक पथारी टाकून दिसतात. उपचार स्वस्त असेल, पण गाडीभाडे, खाणे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब कुठल्या केसपेपरवर नसतो. म्हणून सरकारकडे मागायचे तर नुसते ‘फुकट द्या’ एवढेच मागू नये. औषध आमच्या केंद्रावर ठेवा, डॉक्टरची जागा भरा, हेही मागावे. ग्रामसभेत हे विचारता येते. कोणती जागा किती दिवस रिकामी आहे, हे लेखी विचारावे.

आणि एक काम आजच करता येईल. घरातल्या सर्वांच्या अंगावर, पाठीवर नजर टाका. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, आणि तेथे टोचलेले, ऊन-गार लागलेले कळत नसेल, तर लपवू नका. आशाताईंना दाखवा, किंवा आरोग्य केंद्रात जा. औषध फुकट आहे. ते पुरते घेतले तर रोग बरा होतो, आणि वेळेवर घेतले तर बोटे वाचतात. अपघात झाला, बाळंतीण अडली, तर १०८ या नंबरावर फोन करा. त्या गाडीलाही पैसे द्यावे लागत नाहीत.