रंगाखालचे काम आणि गॅरेजची पारख

अपघातानंतर मोटारीचे इंजिन सुरळीत चालू झाले, की मालकाचा जीव भांड्यात पडतो. उरलेले पत्र्याचे काम किरकोळ समजून ते जवळच्या किंवा सर्वांत स्वस्त गॅरेजकडे सोपवले जाते. वस्तुतः अधिक सावधगिरी येथेच हवी. इंजिनातील दोष वाहन चालवताना सहसा जाणवतो; पत्र्यावर पुट्टी आणि रंग चढल्यानंतर मात्र आतील काम दृष्टीआड होते. म्हणूनच झाकण्यापूर्वी काम दाखवणारे गॅरेज विश्वासार्ह मानावे.

आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. संपूर्ण बॉडीच आघात झेलते. तिचा मुख्य भाग वाकला असल्यास वरवरची ठोकाठोक पुरेशी ठरत नाही. मापे घेऊन बॉडी ओढून सरळ करणारे यंत्र, धूळविरहित रंगकक्ष आणि रंग सुकवण्याची सोय गॅरेजमध्ये आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

त्यानंतर लेखी अंदाजपत्रक मागावे. कोणता भाग बदलणार, कोणता दुरुस्त करणार, नवा भाग मूळ उत्पादकाचा की अन्य कोणाचा, मजुरी व रंगाचा खर्च किती, वाहन केव्हा मिळणार आणि कामाची हमी किती, हे त्यात स्पष्ट असावे. गाडी खोलल्यावर आणखी नुकसान आढळल्यास संमतीवाचून काम पुढे नेऊ नये, असेही नमूद करून घ्यावे. काढलेले जुने भाग दाखवण्यास टाळाटाळ करणारे गॅरेज टाळणेच श्रेयस्कर.

विम्याचा दावा करावयाचा असल्यास विमा कंपनीला आधी कळवावे. पाहणी होण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. संलग्न गॅरेजमध्ये विमा कंपनी मंजूर रक्कम परस्पर चुकती करते. तथापि ‘कॅशलेस’ म्हणजे विनाखर्च नव्हे. सर्वसमावेशक पॉलिसीत घसारा सहसा वजा होतो. प्लॅस्टिकच्या भागांवर तो ५० टक्के, तर चार ते पाच वर्षे वयाच्या वाहनाच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के असतो. समजा, बंपर ८,००० रुपयांचा असेल, तर ४,००० रुपये मालकाच्या खिशातून जातात. सक्तीची वजावट त्याहून वेगळी. शून्य घसारा संरक्षण घेतले असल्यास हा भार बराच हलका होतो. लहानशा खरचट्यासाठी दावा करण्यापूर्वी ‘नो क्लेम बोनस’चाही हिशेब करावा, सलग पाच वर्षे दावा न केल्यास स्वनुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सवलत मिळते.

वाहन ताब्यात घेताना ते दिवसाच्या उजेडात पाहावे. ट्यूबलाइटखाली एकसारखा भासणारा रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. दरवाजे व बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंस समान आहेत का, हे तपासावे. पोलादी पत्र्यावर लहान लोहचुंबक धरावा; एखाद्याच ठिकाणी तो चिकटत नसेल, तर तेथे पुट्टीचा जाड थर असण्याची शक्यता असते.

कर्जावर घेतलेले वाहन कर्ज फिटेपर्यंत बँकेकडे नजरगहाण असते. त्याची निकृष्ट दुरुस्ती प्रवाशांच्या सुरक्षिततेस बाधा आणते आणि पुनर्विक्रीचे मोलही घटवते. त्यामुळे विमा कंपनीसाठीच्या समाधानपत्रावर सही करण्याची घाई करू नये. प्रथम वाहन चालवून पाहावे, जीएसटी क्रमांक असलेले बिल अंदाजपत्रकाशी ताडून पाहावे आणि मगच लेखणी उचलावी.