बारीक हातपाय, सुटलेलं पोट आणि आतल्या रक्तवाहिन्या

उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड १७०, एचडीएल ३६, रक्तदाब १३२/८६. चाळिशीतल्या माणसाचा रिपोर्ट असा आला, की दोह्याच्या बिन महमूदमध्ये काय किंवा डोंबिवलीत काय, घरात शेरा एकच पडतो: ‘बॉर्डरलाइन आहे, काळजीचं काही नाही.’ एकेक आकडा सुटा पाहिला तर शेरा चुकीचाही नाही. पण हे सगळे आकडे एकाच माणसाचे आहेत.

यात पोटाचा घेर मिळवायचा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. युरोपीय पुरुषांना मात्र ९४ पर्यंत सूट. या पाचांपैकी तीन गोष्टी हद्दीबाहेर गेल्या, की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेच्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ही मोळी प्रथम नीट बांधून दाखवली.

आपल्याला सूट कमी का, याचं उत्तर पुण्यात मिळतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

पोटातली चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृतात जातात. यकृत ट्रायग्लिसराइडनं भरलेले कण रक्तात सोडतं, एचडीएल घटतं, एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात. इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा झाल्या, की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड कमी झिरपतो, वाहिनी मोकळेपणानं सैलावत नाही आणि वाढलेला दाब ते अस्तर आणखी दुखावतो. मग एलडीएलचे कण आत शिरून अडकतात, त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीनं फुगून तिथेच मरतात आणि थर साचतो. थर फुटला, की त्यावर गुठळी होते. हार्ट अटॅक बहुधा त्या गुठळीचा असतो. वाहिनी निम्मीसुद्धा बंद नसताना हे घडू शकतं, म्हणून जिना चढताना दम लागत नाही हा पुरावा फारसा कामाचा नाही.

५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना ५९ च्या आसपास. ही नोकरीची, आखातात राहून घरी पैसे पाठवायची वर्षं. बिन महमूदचा दिनक्रमही मदतीला नाही: लिफ्ट, गाडी, एसी ऑफिस, मधूनमधून गोड करक चहा. कतारनं २०१९ पासून साखरेच्या शीतपेयांवर ५० टक्के कर लावला. हाताने केलेल्या करकला त्याचा धक्का लागत नाही. शिवाय आरपीच्या, म्हणजे निवास परवान्याच्या, मेडिकलचा भर क्षय, एचआयव्हीसारख्या संसर्गांवर. त्यात ‘फिट’ ठरलेला माणूस उगाच निर्धास्त होतो.

औषधं लागली तर ती डॉक्टर ठरवतील. पण चेन्नईतल्या २००६ च्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार सुधारला, रोज अर्धा तास चालणं ठेवलं, तेव्हा मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनच्या गोळीनं २६.४ टक्क्यांनी. जूनच्या दुपारी दोह्यात बाहेर चालणं वेडेपणाच, त्यासाठी मॉल आहेत.

पोटाचा घेर मोजायला आधी शिंप्याची टेप आणावी. उभं राहून, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर मोजावं. पँटच्या नंबरावर विसंबू नये. आपल्यातले बरेच जण ती पोटाच्या खाली घालतात.